बेगमीच्या दिवसांतले शिबिर

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि पायथ्याच्या वाड्यांवर दर उन्हाळ्यात मुलांची जी निवासी शिबिरे भरतात, त्यांत ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात एखादी कंपनी किंवा मोठी संस्था जागा विकत वा भाड्याने घेऊन तिथे तंबू, दोरखंड, भोजनगृह आणि पगारी प्रशिक्षक यांची व्यवस्था करते आणि एका वेळी शंभर-दीडशे मुलांची तुकडी सामावून घेते. दुसरा प्रकार लहान असतो. डोंगरात ज्यांचे पिढीजात घर आणि शेत आहे, किंवा ज्यांनी शहर सोडून तिथे बिऱ्हाड केले आहे, असे एखादे कुटुंब आपल्याच पडवीत, अंगणात आणि आंब्याच्या सावलीत वीस-पंचवीस मुलांना सात-आठ दिवस ठेवून घेते. त्यांचा स्वयंपाक घरच्या चुलीवर होतो आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम घरातलीच माणसे वाटून घेतात. स्वस्तातले, जरा गैरसोयीचे शिबिर म्हणून या दुसऱ्या प्रकाराची बोळवण होते, आणि त्यामुळे त्याचे मुख्य वैशिष्ट्य नजरेतून सुटते. मे महिना हा डोंगरातल्या घरासाठी सुट्टीचा महिना नसतो. तो पावसाळ्याच्या बेगमीचा, म्हणजे पुढचे चार महिने वाटा बंद होतील आणि ऊन दिसणार नाही हे धरून धान्य, सरपण, चारा आणि वाळवणे साठवून ठेवण्याचा महिना असतो, आणि शिबिराला आलेली मुले नेमकी त्या घाईच्या मध्यात येऊन पडतात. घरगुती शिबिराचे जे काही मोल आहे ते या योगायोगात आहे, आणि ते टिकवायचे असेल तर शिबिराचा लहान आकारही टिकवावा लागतो.

ही मुले येतात कुठून, हे पाहिल्याशिवाय या योगायोगाचे महत्त्व कळत नाही. २०११च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक आणि क्षेत्रफळ सुमारे ४४६ चौरस किलोमीटर होते. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर जवळजवळ २१ हजार माणसे राहत होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या मुलाला डोंगर अजिबात ठाऊक नसतो असे मात्र नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, त्याच्या पोटात कान्हेरीची लेणी आणि विहार व तुळशी हे तलाव आहेत, आणि अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा लाव्हारसाचा उभा कातळ इमारतींच्या गर्दीतही मान वर काढून आहे. या मुलाच्या आयुष्यातून हरवले आहे ते डोंगरातले घर. गिरणगावातून किंवा थेट गावाकडून उपनगरात आलेल्या पिढीला दर उन्हाळ्यात जायला मामाचे किंवा आजोबांचे घर होते. पुढच्या दोन पिढ्यांत ते घर विकले गेले, वाटण्यांत अडकले, किंवा कुलूप लावून पडून राहिले, आणि मामा स्वतःच कांदिवलीला किंवा ठाण्याला राहायला आला. मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती, दक्षिण भारतीय आणि उत्तर भारतीय कुटुंबांना तर सह्याद्रीत कधी घर नव्हतेच. अशा मुलांना एका परक्या घरात, त्या घराच्या कामाच्या दिवसांत, आठवडाभर सामावून घेणे हे घरगुती शिबिराचे काम आहे.

शहरातल्या मुलांना उन्हाळ्यात बाहेर नेण्याची कल्पना फार जुनी नाही आणि तिच्या आरंभापासूनच घर की छावणी हा प्रश्न तिच्यासोबत आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात फ्रेडरिक गन हे शिक्षक आणि त्यांची पत्नी ॲबिगेल एक निवासी शाळा चालवत असत. त्यांनी १८६१च्या उन्हाळ्यात शाळेतल्या मुलांना पायी चालवत समुद्रकिनारी नेले आणि सुमारे दोन आठवडे तंबूंत ठेवले. हे त्या देशातले पहिले उन्हाळी शिबिर मानले जाते, आणि ते एका जोडप्याने चालवलेले होते ही बाब सहसा मागे पडते. युरोपात १८७६मध्ये झुरिचचे धर्मोपदेशक वॉल्टर बिऑन यांनी शहरातील गरीब, अशक्त मुलांना आप्पेन्झेलच्या डोंगराळ भागात हवापालटासाठी नेले, आणि तिथून ही प्रथा शेजारच्या देशांत पसरली. फ्रान्समध्ये तिला दोन वाटा फुटल्या. काही संस्थांनी मुलांना एकत्र, शिक्षकांच्या देखरेखीखाली, एका मोठ्या इमारतीत ठेवले. काहींनी मात्र त्यांना शेतकरी कुटुंबांकडे सोपवले. सेंत-एतिएन या कोळसाखाणींच्या शहरातील लुई कोंत या धर्मोपदेशकांनी १८९३पासून कामगारांच्या मुलांना जवळच्या डोंगरी पठारावरील शेतकऱ्यांच्या घरी पाठवण्याची जी व्यवस्था उभी केली, ती या दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण होय. त्याच पठारावरील ल शाँबों-सुर-लिन्यों आणि आसपासच्या गावांनी दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना, विशेषतः ज्यू मुलांना, आपल्या घरांत आश्रय देऊन वाचवले. परक्या मुलाला ताटाला ताट लावून घरात घेण्याची अनेक वर्षांची सवय तिथे आधीच रुजलेली होती, ही गोष्ट त्या धैर्याच्या इतिहासात आवर्जून नोंदवण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात मुलांच्या आणि तरुणांच्या शिबिरांची परंपरा प्रामुख्याने छावणीची आहे. १९४१मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि शिबिर या दोन साधनांवर आपले काम उभे केले. बाबा आमटे यांनी १९६७मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली, जिच्यात सकाळचे श्रमदान आणि नंतरची चर्चा असा दिवसाचा साचा असे. या छावण्यांनी कित्येक कार्यकर्ते घडवले आणि त्यांचे ऋण मोठे आहे. तरी त्यांचा घाट सार्वजनिक होता: शिट्टी, रांग, गट, गीत, बौद्धिक. मुंबईच्या गिर्यारोहण संस्थांनी दुसरे एक दार उघडले. १९५४पासून काम करणारी गिरिविहार, किंवा सह्याद्रीतील अनेक दिवसांच्या 'सह्यांकन' मोहिमेसाठी ओळखली जाणारी मुलुंडची चक्रम हायकर्स, यांसारख्या संस्थांमुळे उपनगरातील तरुण शनिवारी रात्रीच्या कर्जत किंवा कसारा लोकलने निघून रविवारी डोंगर चढू लागले, आणि वाटेत त्यांना जेवू घालणारी, ओसरीवर पथारी पसरू देणारी घरे तयार झाली. आजचे घरगुती शिबिर छावणीपेक्षा या ओसऱ्यांचे अधिक जवळचे नातलग आहे.

अशा घरांचा सर्वांत परिचित मुलूख म्हणजे राजमाची. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या माचीवर उधेवाडी हे गाव वसले आहे. लोणावळ्याहून तिथे जाणारी सुमारे १५ किलोमीटरची वाट बऱ्यापैकी सपाट आहे, तर कर्जतकडून कोंदिवडे गावातून कोंढाणे लेण्यांवरून चढणारी वाट खडी आणि दमवणारी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला पिठले-भाकरी, भात-आमटी आणि झोपायला सारवलेली जागा देणे हा इथल्या कुटुंबांचा अनेक वर्षांचा जोडधंदा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत हीच गोष्ट अधिक आखीव रीतीने घडली: महादेव कोळी समाजाच्या या गावात पाणलोटविकासाच्या कामानंतर ग्रामपर्यटन सुरू झाले, आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहू-जेवू लागले. नेरळजवळची भडसावळे कुटुंबाची सगुणा बाग हे तिसरे उदाहरण. माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या या शेतावर वर्षानुवर्षे शाळांच्या सहली येतात, आणि नांगरणी व चिखलणी न करता गादीवाफ्यावर भात घेण्याची जी सगुणा पद्धत तिथे विकसित झाली, ती मुलांना प्रत्यक्ष बांधावर उभे राहून पाहता येते. ही जागा आता चांगलीच विस्तारली आहे, त्यामुळे तिला या लेखाच्या अर्थाने लहान घरगुती शिबिर म्हणता येणार नाही. परंतु एका कुटुंबाचे चालते शेत हीच मुलांची शाळा होऊ शकते, हे तिने फार आधी दाखवून दिले.

अशा घरात मे महिन्यात नेमके काय चाललेले असते, ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. भातशेतीच्या पट्ट्यात या दिवसांत राब भाजतात. राब म्हणजे भाताची किंवा नागलीची रोपे तयार करण्यासाठी राखलेला जमिनीचा लहान तुकडा. त्यावर शेण, तोडून वाळवलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून वरून बारीक माती पसरतात आणि आग वाऱ्याच्या उलट दिशेने हळूहळू सरकत जाईल अशा बेताने तो पेटवतात. त्या धगीने तणाचे बी मरते, राखेचे खत होते, आणि पहिल्या पावसानंतर तिथे पेरलेले बी जोमाने उगवते. फांद्या तोडण्याने रानाची हानी होते म्हणून कृषितज्ज्ञ या पद्धतीला पर्याय सुचवत आले आहेत, आणि सगुणा पद्धत ही त्या पर्यायांपैकीच एक. घरगुती शिबिरातल्या मुलाला दोन्ही बाजू कळतात, कारण त्याने आदल्या दिवशी पालापाचोळ्याच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेल्या असतात आणि राब पेटवताना घरातल्या मोठ्यांनी आखून दिलेल्या रेषेच्या अलीकडे उभे राहून, धूर डोळ्यांत जाऊ न देता, आग कुठे वळते ते पाहिलेले असते. भीमाशंकर ते हरिश्चंद्रगड या टापूत याच सुमारास बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी, आठळी न धरलेली फळे, गोळा करून अंगणात वाळत घालतात. ती काळी पडली की व्यापाऱ्याकडे जातात आणि त्या पैशांत कित्येक आदिवासी कुटुंबांचा पावसाळ्याचा बाजार होतो. वाळत घातलेला हिरडा परतणे, त्यातला कचरा वेचणे, अवकाळी पावसाचा शिंतोडा आला की सगळ्यांनी धावून तो गोळा करणे, ही कामे दहा वर्षांच्या मुलालाही जमतात आणि त्यांत कुचराई झाली तर नुकसान खरे असते.

वाळवणांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. कुरडया करायच्या तर गहू तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवावे लागतात, मग ते वाटून, गाळून त्यातले सत्त्व रात्रभर तळाशी बसू द्यावे लागते, आणि पहाटे अंधारातच वरचे पाणी ओतून टाकून तो चीक मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घालून शिजवावा लागतो. दोघांनी आळीपाळीने घोटला नाही तर त्यात गुठळ्या होतात. चीक गरम असतानाच तो सोऱ्यात भरून धुतलेल्या कापडावर कुरडया घालायच्या असतात, कारण थंड झाला की तो दाबला जात नाही. मुलांना पहाटे पाचला उठवायला या घरात शिट्टी लागत नाही. वाटीभर गरम चीक तूप घालून खायला मिळणार ही आशा पुरेशी असते. त्यानंतर उन्हाचे तीन दिवस कावळ्यांवर आणि कोंबड्यांवर पहारा करायचा असतो. शिबिराच्या छापील वेळापत्रकात या सगळ्याला जागा नसते, तरी घरी परतलेल्या मुलांच्या बोलण्यात सर्वांत आधी हेच येते, असे पालक आणि शिबिरे चालवणारी कुटुंबे दोघेही सांगतात.

याशिवाय कौले चाळणे, म्हणजे छपरावरची कौले उतरवून फुटकी बदलून पुन्हा नीट रचणे, पडवीला पावसाच्या माऱ्यापासून आडोसा बांधणे, सरपण फोडून कोरड्या जागी रचणे, ही मोठ्यांची कामे चालू असतातच. दुपार मात्र पूर्ण मोकळी ठेवावी लागते, कारण उन्हात कातळ तापतो आणि रानात हिंडणे धोक्याचे असते. ही मोकळी दुपार पालकांना अनेकदा रिकामी वाटते आणि आयोजकावर ती 'भरून काढण्याचा' दबाव येतो. तो दबाव मानू नये. करवंदे आणि जांभळे खाऊन काळी-निळी झालेली तोंडे, पत्त्यांचा डाव, माळ्यावर सापडलेली जुनी मासिके आणि आजीच्या मांडीशी लागलेली डुलकी यांतच मुलांच्या आपापसातल्या ओळखी पक्क्या होतात. अंधेरीचा मुलगा आणि घाटकोपरची मुलगी यांना एकत्र आणणारे काम सकाळी होते, पण मैत्री दुपारी होते.

रानातली माणसेही या शिक्षणाचा भाग असतात. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरात गावठी वाणांची बियाणे जपून बीजबँक उभी केली आणि २०२०चा पद्मश्री सन्मान मिळवला. शाळेत न गेलेल्या या बाईंकडून वाणांची नावे आणि गुण ऐकायला शास्त्रज्ञही जातात. प्रत्येक गावात राहीबाई नसतात, परंतु कोणत्या झाडाच्या सालीने ताप उतरतो, मधमाश्यांचे पोळे कधी काढायचे, पाऊस जवळ आल्याचे कोणत्या पक्ष्यावरून कळते, हे जाणणारी ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी समाजाची माणसे प्रत्येक वाडीत असतात. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबाने शिबिर चालवायचे ठरवले, तर या माणसांना मजुरी देऊन मदतनीस म्हणून उभे करण्याऐवजी जाणकार म्हणून मानधन देऊन बोलावणे, हा त्या कुटुंबाच्या प्रामाणिकपणाचा पहिला पुरावा ठरतो.

आकाराचा प्रश्न शेवटी पाण्यावर येतो. सह्याद्रीचा कातळ हा लाव्हारसाच्या थरांनी बनलेला बेसाल्ट आहे. त्याच्या घट्ट थरांत पाणी फारसे मुरत नाही, फटी आणि सच्छिद्र पट्टे असतील तिथेच ते साठते. त्यामुळे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या घाटातल्या वाड्यांवर मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. अंघोळ, स्वयंपाक, पिणे आणि शौच मिळून माणशी रोज अवघे २० लिटर पाणी धरले, तरी २५ मुलांना दिवसाला ५०० लिटर लागते. काटकसरीने वागणारे घर पावसाचे साठवलेले पाणी आणि आपली विहीर यांवर ते भागवू शकते. दीडशे मुलांना तेच पाणी ३,००० लिटर लागते, तेही शॉवर आणि फ्लश नसताना, आणि मग टँकर मागवावा लागतो किंवा गावाच्या विहिरीवर मोटर बसते. गावाच्या तहानेवर भरणारे शिबिर मुलांना निसर्गाविषयी काहीही शिकवो, ते त्या गावाचे देणेकरीच राहते. जी कुटुंबे मुलांना पहिल्याच दिवशी एक कळशी देऊन 'तुझे आजचे पाणी एवढे' असे सांगतात, ती त्यांना मुंबईच्या नळामागची गोष्टही सांगू शकतात, कारण उपनगरांत येणारे पाणी भातसा, वैतरणा आणि तानसा या याच डोंगरांतल्या धरणांतून येते, आणि त्या धरणांच्या आसपासच्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

लक्ष देण्याच्या बाबतीतही आकार निर्णायक ठरतो. पहिल्या रात्री घरची आठवण येऊन रडणारे मूल प्रत्येक शिबिरात असते. मोठ्या तंबूनगरीत ते उशीत तोंड खुपसून रडते आणि सकाळी कुणाला पत्ता लागत नाही. पडवीत ओळीने अंथरुणे घातलेली असतात तिथे शेजारी झोपलेल्या आजीला किंवा काकूला ते लगेच कळते. जेवणाच्या पंगतीत कोण भाकरी बाजूला सारतो, कुणाला दोन दिवस शौचाला झाले नाही, कुणाला दम्याचा फवारा लागतो, हे वाढणाऱ्या बाईच्या लक्षात राहू शकते तेवढीच मुले घरात असावीत. त्याहून वेगळे मोजमाप शोधण्याची गरज नाही.

सुरक्षेविषयी मात्र घरगुतीपणाची सबब चालत नाही, आणि इथे लहान शिबिरांची बाजू अनेकदा लंगडी पडते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप सह्याद्रीत आहेत. त्यांच्या दंशावर प्रतिविष हाच उपाय असल्याने ते कोणत्या ग्रामीण रुग्णालयात ठेवलेले आहे, रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि गाडी कुणाच्या दारात उभी असते, ही माहिती मुले येण्याआधी लेखी असली पाहिजे. कोकणच्या पट्ट्यात लाल विंचवाची भीती सापाहून कमी नाही; महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर विंचूदंशाने होणारे मृत्यू विलक्षण घटले, पण ते औषध वेळेत मिळाले तरच. रात्री चप्पल झटकून घालणे, विजेरीशिवाय अंगणात न उतरणे, दगड उचलण्याआधी काठीने हलवणे, हे नियम घरातली मुले न सांगता पाळतात आणि पाहुणी मुले सांगूनही विसरतात. सर्वांत मोठा धोका मात्र साप-विंचवांचा नसून पाण्याचा आहे. धरणाचे जलाशय आणि नदीतले डोह वरून शांत दिसतात, त्यांचा तळ एकाएकी खोल जातो, आणि पोहण्याच्या तलावात शिकलेल्या मुलाला तो फरक कळत नाही. जीवरक्षक जाकीट आणि पट्टीचा पोहणारा माणूस यांपैकी एक जरी नसेल, तरी मुलांना गुडघाभर पाण्यापलीकडे सोडू नये.

दोराने कडा उतरणे किंवा दरीवरून तारेला लटकून जाणे हे प्रकार घरगुती शिबिराने स्वतः करू नयेत. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केलेली, दोर आणि कड्या तपासून वापरणारी माणसे मुंबईच्या गिर्यारोहण संस्थांत आहेत; त्यांना एका दिवसासाठी बोलावता येते. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ज्यानुसार जमीन, पाणी आणि हवा यांतील साहसी उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२चा पॉक्सो कायदा तर घर, शाळा आणि शिबिर असा भेद करतच नाही. गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे घरात कोण-कोण राहते, मदतीला येणारी माणसे कोण, मुलींच्या झोपण्याच्या जागी कोणती बाई असते, हे पालकांनी संकोच न बाळगता विचारावे आणि यजमानांनी अपमान न मानता सांगावे.

गेल्या काही वर्षांत मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचे काजवे हे या भागाचे मोठे आकर्षण झाले आहे. पावसाआधीच्या दमट रात्री भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लकाकतात. नर काजवा मादीला आपला पत्ता देण्यासाठी प्रकाशाची उघडझाप करतो, आणि म्हणून मोटारींचे दिवे, विजेऱ्या आणि मोबाइलचे पडदे त्यांच्या मीलनातच अडथळा आणतात. शनिवार-रविवारी या वाटांवर गाड्यांच्या रांगा लागतात आणि वन विभागाला प्रवेशाच्या वेळांवर व गर्दीवर निर्बंध घालावे लागले आहेत. काजवे पाहायचे तर घरामागच्या बांधावर, आठवड्याच्या मधल्या वारी, वीस मुलांनी अंधारात बसून पाहावेत. घरगुती शिबिराला ही मुभा आहे, कारण ते आधीच तिथे मुक्कामाला असते आणि त्याला एकही गाडी न्यावी लागत नाही.

अर्थकारणाचा हिशेब फार मोठा नाही. एका उन्हाळ्यात दोन किंवा तीन तुकड्या, म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर मुले, एवढीच एका घराची ताकद असते. किराणा, गॅस आणि सरपण, कसारा किंवा कर्जत स्थानकावरून येणारी जीप, मदतीच्या बायकांची मजुरी आणि आजारपणासाठी राखून ठेवलेली रक्कम वजा जाता उरते ते शेतीच्या खरिपाच्या खर्चाला हातभार लावण्याइतके. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे आणि वळीव त्याआधीच सुरू होतो, म्हणून शेवटची तुकडी जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी परत पाठवावी लागते. त्यानंतर घरातल्या एकाही माणसाला पाहुण्यांसाठी वेळ नसतो. नफ्याच्या मोहाने तुकडीत चाळीस मुले घेतली की आधी अंघोळी बंद होतात, मग स्वयंपाक कंत्राटावर जातो, मग दुपार भरून काढायला बाहेरचा माणूस येतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्या घराचे रूपांतर एका सामान्य रिसॉर्टमध्ये होते. हे रूपांतर यजमानांच्या हावेपेक्षा मागणीच्या रेट्याने अधिक वेळा होते, आणि उपनगरांतील पालकांनी ती मागणी समजून-उमजून आवरली पाहिजे.

सरकारी नियमांची अडचण अशी की ते मोठ्या आयोजकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. कागदपत्रांचा खर्च दीडशे मुलांवर सहज वाटला जातो आणि वीस मुलांवर वाटला की घर मागे हटते, मग ते नोंदणीच्या बाहेर राहून ओळखीपाळखीवर चालू राहते आणि त्याच्यावर कुणाचीच नजर उरत नाही. राज्याने २०२०मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणून शेतकऱ्याच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला मान्यता दिली आहेच. त्याच धर्तीवर, साहसी प्रकार न घेणाऱ्या आणि एका वेळी पंचवीसपेक्षा जास्त मुले न ठेवणाऱ्या कुटुंबांसाठी एक वेगळी, सोपी नोंद पर्यटन संचालनालयाला ठेवता येईल. तिच्या अटी मोजक्या आणि तपासता येण्याजोग्या असाव्यात: घरातील प्रत्येक प्रौढ माणसाची पोलीस पडताळणी, दोघांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, पाण्याच्या स्रोताबद्दल ग्रामपंचायतीचा दाखला, जवळच्या प्रतिविष असलेल्या रुग्णालयाचे नाव व अंतर, आणि या सगळ्याचा फलक घराच्या दर्शनी भिंतीवर. प्रथमोपचाराचा वर्ग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एप्रिल महिन्यात घेतला, तर पहिली तुकडी कसारा लोकलमधून उतरण्याआधी तो पूर्ण होऊ शकतो.